ज्याची वेणी त्यानं वाचायचं

शनिवार, ५ जुलै १९९७

शाहूपुरीतला एक दुकानदार आज पोराचा दाखला काढायला आला होता. इंग्रजी शाळेत घालणार म्हणे. वर मलाच ऐकवतो, "महादेवीबाई, शाळा चांगली आहे हो तुमची, पण तुम्ही लोक इथं वेण्या घालत बसता. तिकडं कॉम्प्युटर आहे." मी म्हटलं, "पावणं, डोक्यात उवा वळवळत असल्यावर पाढे शिरणार कुठनं?" गेला दाखला घेऊन. जाऊ दे. त्याच्या पोराला सतराचा पाढा येतो तो या व्हरांड्यातच आला, हे त्याला कोण सांगणार!

आमच्या चर्चच्या शाळेत शनिवारी प्रार्थना झाली की वेणीचा तास असतो. फार पूर्वी कुणा गोऱ्या मॅडमनी सुरू केला. त्या गेल्या, तास राहिला. पोरं घरून औषधाच्या बाटलीत तेल आणतात, आम्ही बाया व्हरांड्यात बसतो, एकेक पोर पुढ्यात घेतो. मुलींच्या वेण्या, मुलांची नखं. आणि नियम असा की ज्याची वेणी त्यानं वाचायचं. पेड सुरू झाला की धडा सुरू, रिबीन बांधली की धडा बंद. अडखळलं तर मी पेड सोडते आणि पहिल्यापासून घालते. पोरं वाचायला शिकतात ती अशी. साहेब लोक तपासणीला आले की विचारतात, कोणती पद्धत वापरता? काय सांगणार, खोबरेल तेलाची!

आज दुसरीच्या वर्गात नव्यानं आलेली रेणुका पुढ्यात बसली. तिची आई शालूबाई देवळाच्या वाटेवर हार-गजरे विकते. बाप ट्रकवर होता, तो गेला. घरी आई, आजी आणि ही. उजव्या कानामागं बोटाला गाठ लागली. केस एकमेकांत चिकटून दोरीसारखे झालेले. जट. देवीची खूण म्हणतात लोक हिला. तेल चोळत, एकेक केस मोकळा करत बसले. पोरगी बिचारी वाचत राहिली, दोन धडे संपले तरी गाठ अर्धीच सुटली होती.

शनिवार, ९ ऑगस्ट

शनिवारी मी सोडवायची, सोमवारी परत गुंतलेली. आज तर गाठीवर हळदकुंकू! म्हणजे घरी पूजा चाललीय. ही आईच करत असणार. बाई आहे तशीच. शाळेत सोडायला येते तेव्हा पदर कपाळापर्यंत ओढलेला, वर तोंड करून बघणार नाही, बोलायचं तर "व्हय" नाहीतर "न्हाय". कसली घमेंड असते एकेकीला!

आणि गंमत बघा, तेल मात्र न चुकता पाठवते. बाकीच्यांच्या बाटलीत तळाशी चमचाभर, हिची गळ्यापर्यंत भरलेली. एवढं तेल आहे तर स्वतः का विंचरत नाही पोरीला? आळस, दुसरं काय.

रेणुका मात्र वर्गात सगळ्यांच्या पुढं गेली. जाणारच. बाकीच्यांचा एक धडा होतो तेवढ्यात हिचे तीन होतात, डोकं तेवढं गुंतलेलं म्हणून. आता चौथीचं पुस्तक वाचते. आज कावळ्याच्या गोष्टीत मध्येच थांबून मला म्हणाली, "बाई, ह्यो कावळा येडा हाय. खडे टाकत बसण्यापरीस मडकं कलतं करायचं की." मी हसता हसता पेड सोडून बसले.

शनिवार, २० सप्टेंबर

आज आजी आली. चिमणाबाई. शालूबाईची सासू. काठी आपटत थेट व्हरांड्यात.

"कोण त्या बाई? आमच्या पोरीच्या डोस्क्याला हात लावणाऱ्या?"

"मी."

"देवीनं धरलंय तिला. माझा ल्योक गेला तो उगच गेला व्हय? मार्गशीर्षातल्या पुनवंला तिला यल्लम्माच्या डोंगरावर न्हेणार, मणी बांधणार. तवर केसाला फणी लावायची न्हाय. किरिस्तावांच्या शाळंत पोरीला घातली हीच आमची चूक झाली."

मी गळ्यातलं लिंग बाहेर काढून दाखवलं. "आजी, मी कुरुंदवाडची. आमच्या माहेरी यल्लम्माची परडी भरतात. आईबरोबर, आमच्या अव्वाबरोबर, मी पण डोंगरावर गेले आहे. किरिस्ताव कुठनं दिसले मी तुम्हाला?"

ती जरा गडबडली, पण मग म्हणाली, "मग तर तुमाला कळाय पायजे." हे मात्र लागलं मला. कारण मला कळतंच. मणी बांधले की पोरगी देवीची. लग्न नाही, शाळा नाही. हातात परडी घेऊन दारोदार, आणि पुढं मोठी झाली की काय होतं ते इकडच्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे, बोलत कुणी नाही.

देवी माझीही आई आहे. तिला दुसरीतल्या पोरीचे केस लागतात हे मी मानणार नाही. मेले तरी नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीनं घात केला. पोरगी परत आली ती मानेपर्यंत लोंबणारी जट घेऊनच. वडाचा चीक लावल्यासारखी कडक. फणी सोडाच, बोटसुद्धा शिरत नाही.

मला राहवलं नाही. शाळा सुटल्यावर तशीच शालूबाईच्या दुकानापुढं जाऊन उभी राहिले. ती हाराचा दोरा कात्रीनं कापत होती. म्हटलं, "तू आई आहेस का कोण? पोर चौथीचं पुस्तक वाचते आणि तू तिला परडी देतेस हातात? लाज नाही वाटत?" शेजारची नारळवाली, पलीकडचा पेढेवाला, सगळे बघायला लागले.

तीही उसळली. उभी राहून असं ओरडली की देवळापर्यंत गेलं असेल. "ओ बाई! शिकवायचं ते शिकवा! आमच्या घरात तोंड घालू नगासा! पोरीच्या डोस्क्याला हात लावलासा तर बघा!" मागच्या बाकड्यावर सासू पान कुटत बसलेली, ती नुसती मान डोलवत होती. दोघी एकाच माळेतल्या.

मी रडत घरी आले. रागानं रडत. हे म्हणाले, "सोड आता. त्यांचं घर, त्यांचा देव." मी म्हटलं, "आणि माझा वर्ग?"

शनिवार, २२ नोव्हेंबर

आज रेणुकाच्या हातात तेलाची बाटली. गळ्यापर्यंत भरलेली. परवा एवढ्या शिव्या घातल्या आणि आज तेल! सवयीनं दिली असेल.

शुक्रवार, १२ डिसेंबर

उद्या दुपारी डोंगराची एस.टी. आजीनं आकारामला, आमच्या शिपायाला, गेटवर सांगितलं, "सोमवारपास्नं पोरीचं नाव काढा." म्हणजे झालं.

मी एस्तेरबाईंकडं गेले. त्या आमच्या मोठ्या बाई. चर्चच्या मागच्या खोलीत एकट्या राहतात, आवाज एवढा की घंटेची गरज नाही. मी म्हटलं, "मोठ्या बाई, उद्या मी ती जट कापू का?" त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "महादेवी, तू कापलीस तर लोक म्हणणार चर्चनं कापली. शाळेवर दगड येतील. नाही कापलीस तर कुणी काही म्हणणार नाही. एवढंच आहे बघ." आणि उठून चहा टाकला. हो म्हणाल्या का नाही म्हणाल्या, मला कळलं नाही. दूध उतू गेलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

पोलिसात जावं असंही वाटलं. पण पोलीस घरी गेले तर आजी पोरीला घेऊन आजच निघेल, मग शोधत बसा.

भीती वाटते. खरंच वाटते. उद्या पोरगी शाळेत येणारच नाही, मग माझी सगळी मर्दुमकी वहीतच राहील.

शनिवार, १३ डिसेंबर

आली!

सगळ्यांच्या आधी आली. आकारामनं गेट उघडायच्या आत पायरीवर बसलेली, स्वच्छ गणवेश, रिबिनी हातात. म्हणाली, "आईनं सांगितलंय, आज वेणीचा वार हाय, चुकवायचा न्हाय. आजी निजल्याली तवाच सोडून गेली."

डोंगरावर जायच्या दिवशी शाळेत कशाला पाठवलं, तीच जाणे. घरात आवराआवर असेल, पोर पायात नको म्हणून. मी तेलाची बाटली घ्यायला दप्तर उघडलं तर आत कात्री. हार करायची, दोऱ्यानं मूठ गुंडाळलेली. मी कपाळावर हात मारला. लहान पोराच्या दप्तरात कात्री जाते आणि या बाईला पत्ता नाही! डोळ्यात गेली असती म्हणजे?

पण मग ती कात्री माझ्या हातात, पोरगी पुढ्यात, आणि व्हरांड्यात अजून कुणी नाही.

"रेणुका, ही कापू का?"

ती पुस्तक उघडत म्हणाली, "दुकतंय का?"

"नाही."

"मग कापा की. मान लई जड व्हती."

"वाच."

ती वाचत होती आणि मी कापत होते. कात्रीला धार चांगली, कालच लावून आणल्यासारखी, तरी ती जट तीनदा अडली.  तोंडानं मी आई यल्लम्माचंच नाव घेत होते, ते कुणाला खरं वाटायचं नाही. शेवटी जट सुटून मांडीवर पडली. पोरीनं मान हलवून बघितली, डावीकडं, उजवीकडं, आणि खुदकन हसली. उरलेल्या केसांच्या दोन आखूड वेण्या घातल्या. धडा बिनचूक.

जटेला हळदकुंकू वाहिलं आणि आकारामबरोबर पंचगंगेत सोडायला पाठवली. देवीचं देवीला पोचलं. पोर आमच्याकडं राहिली.

तीच तारीख, दुपार

गेटवर तीस-चाळीस माणसं. आजी कपाळ बडवत होती. "बाटवली! पोर बाटवली!" कुणीतरी दगड मारला, प्रार्थनेच्या खोलीची काच गेली. आणि सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा? शालूबाईचा. "हिचे हात झडतील! हिला शाळंतनं हाकला!" पदर कपाळावर घट्ट धरून माझ्या नावानं बोटं मोडत होती. मी पायरीवर उभी राहिले आणि ओरडून सांगितलं, "मी कापली. चर्चनं नाही, मोठ्या बाईंनी नाही, मी. काय करायचं ते मला करा!"

एस्तेरबाई येऊन शेजारी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "हिनं कापली. आणि शाळा माझी आहे." त्यांचा तो आवाज! गर्दी दोन पावलं मागं सरली.

एस.टी. गेली. आजी गेली नाही. भुंड्या डोक्याची पोर घेऊन गेलं तर देवी कोपेल म्हणे. पण जाता जाता मला काठी दाखवून म्हणाली, "केस वाढत्यात बाई. परत ईल जट. पुढच्या पुनवंला बघू."

मंगळवार, १६ डिसेंबर

चर्चची कमिटी बसली. पाळकसाहेब भला माणूस, पण घाबरलेला. म्हणाले, "बाई, गेटवर माफी मागा. विषय मिटेल. आणि वेणीचा तास बंद करू. आपण शिक्षण द्यावं, बाकी घरच्यांचं घरच्यांनी बघावं."

मी म्हटलं, "माफी कशाची? आणि साहेब, शिक्षण कुठं संपतं आणि बाकी कुठं सुरू होतं ते मला रेघ मारून दाखवा. पोराचं पोट, पोराचं डोकं, पोराची भीती, हे सगळं गेटबाहेर ठेवून नुसतं पोर आत घेता येतं का? तेवढं जमत असेल तर मला शिकवा, मी बिनपगारी शिकते."

वेणीचा तास बंद झाला तर रेणुकाच्या डोक्याला फणी कोण लावणार? महिन्याभरात गाठ, सहा महिन्यांत जट. आजी त्याचीच वाट बघते आहे. हे मी तीनदा सांगितलं.

एस्तेरबाई म्हणाल्या, "तास बंद करायचा असेल तर माझ्या निवृत्तीची सोय करा आधी." शेवटी असं ठरलं: नाताळच्या सुट्टीनंतर, ज्या पोराचे पालक स्वतः व्हरांड्यात येऊन सांगतील त्याच पोराच्या डोक्याला हात लावायचा. कुणीच आलं नाही तर तास बंद. आता शनिवारी सकाळी कुठली आई मोकळी असते? कमिटीला हे ठाऊक आहे. म्हणून तर ठरवलं.

शुक्रवार, १९ डिसेंबर

रेणुकाला ताप. चौघांनी मला येऊन सांगितलं, चौघांच्याही डोळ्यांत तेच. देवीचा कोप.

खोटं कशाला लिहू, माझ्याही मनात तेच आलं. तिच्या घरी जाताना दहा वेळा वाटलं, मी काय करून बसले? माझ्या हट्टापायी पोर गेली तर?

शालूबाईनं दारातच अडवलं. आत सासू. "जावा हितनं!" अशी खेकसली. "काय बघाय आलायसा? डाक्टरनं सांगितलंय, घसा सुजलाय, दोन दिसांत उतरंल! सकाळी भातबी खाल्ला तिनं! तरीबी तुमाला आत घेणार न्हाय मी! आणि तुमचं ते पुस्तक उशाला घेऊन निजलीय, ते बी न्यायचं न्हाय!" आणि दार आपटलं.

शिव्या खाल्ल्या, पण त्या शिव्यांतनंच निदान पोर बरी आहे हे तरी कळलं. रस्त्याच्या कडेला उभी राहून मी आधी रडले, मग हसले.

सोमवार, ५ जानेवारी १९९८

शाळा सुरू. रेणुका आली, आखूड केसांत. तिची ती कात्री अजून माझ्या कपाटात आहे. मागायला कुणी आलं नाही. ती बाई दोरा कापते तरी कशानं? दातानं?

परत पाठवावी म्हटलं तर रेणुका म्हणाली, "आई म्हणली, ऱ्हाऊ दे तिथंच."

शनिवार, १० जानेवारी

प्रार्थना झाली. व्हरांडा झाडून घेतला. फण्या मांडल्या. पाळकसाहेब खुर्ची टाकून बसले, कमिटीतले दोघं त्यांच्या मागं. आठ वाजले, साडेआठ झाले. गेटवर एक चिटपाखरू नाही. एस्तेरबाई उगाच फण्या पुसत होत्या.

मी म्हटलं, बरं. कुणी नाही आलं तर सोमवारी मी घरोघर जाईन. उंबऱ्यावर बसून वेण्या घालीन. तिथं तर कमिटी नाही ना!

तेवढ्यात रेणुकाचा आवाज आला. मागोमाग शालूबाई. काखेत फुलांची पाटी, हातात तेलाची बाटली, पदर नेहमीसारखा कपाळापर्यंत. मी कंबर कसून उभी राहिले. भांडायची तयारी.

ती पाळकसाहेबांपुढं गेली आणि त्या दिवशी गेटवर ओरडली होती त्याच आवाजात म्हणाली, "पोरगी माझी हाय. आई मी हाय. तिच्या डोस्क्याला बाईंनी फणी लावायची, दर शनवारी. चार पोरांच्या आया मागं फुलं उतरवाय थांबल्यात, त्याबी येतील. झालं का तुमचं?"

पाळकसाहेब नुसते "हो, हो" म्हणाले.

 मी म्हटलं, "शालूबाई, आणि मग गेटवर एवढं ओरडलीस ते?"

"वरडाय नगं?" ती माझ्याकडं बघून म्हणाली. पहिल्यांदाच बघितलं तिनं सरळ. "आत्ती, माझी सासू, शेजारीच हुती की. ऱ्हायाची खोली तिची. गप बसले असते तर तिला कळलं नसतं व्हय?"

"आणि कात्री?"

"मग काय चुकून येती व्हय कात्री दप्तरात? आदल्या दिशी धार लावून आणली. मला न्हाय जमलं बाई. तीनदा हातात घिटली. देवीचं भ्या वाटतंय मला. तुमाला वाटत न्हाय."

वाटतं, असं सांगणार होते. पण ती पाटावर येऊन बसलीसुद्धा, माझ्या पुढ्यात, पाठ करून. तेलाची बाटली मागं सरकवली. आणि पदर खाली घेतला.

मानेपासून कमरेपर्यंत जट. मनगटाएवढी जाड. कैक वर्षांची असेल.  मी हिला घमेंडखोर म्हणत होते. पाच महिने तेच म्हणत होते.

"माझीबी," ती म्हणाली. आवाज पार खाली गेला होता. "लगीन झाल्याच्या दुसऱ्या वर्साला आली. आत्तीला आज जाऊन दावणार हाय. आता काय व्हईल ते व्हईल."

मी कपाटातली कात्री आणली. मला नीट दिसत नव्हतं, एस्तेरबाईंनी त्यांचा रुमाल पुढं केला.

"शालूबाई, इथला नियम माहीत आहे ना? ज्याची वेणी त्यानं वाचायचं."

"मला कुठलं वाचाय येतंय!"

रेणुका पुस्तक घेऊन आईच्या पुढ्यात मांडी घालून बसली. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "आई, माज्या मागनं म्हन. अडखळलीस तर बाई पयल्यापास्नं घालत्यात हां."

शालूबाई पहिला शब्द म्हणाली. मी कात्री लावली.